फुफ्फुसातलं पाणी मोजायचं कसं, आणि पुढची बाटली लावायची की नाही

संध्याकाळी पाचला इंदूरच्या कुठल्याही आयसीयूबाहेर उभं राहा, कुणीतरी विचारणारच, "मॅडम, छाती में पानी भर गया है ना, तो सुई डालके निकाल क्यों नहीं देते?" राजेंद्रनगरचे आपले मराठी काका असले तर हेच मराठीत विचारतात, आणि वर "आमच्या मेव्हण्याचं दीड लिटर काढलं होतं हो" हेही ऐकवतात. काकांची चूक नाही. आपल्याकडे 'छातीत पाणी झालं' म्हणजे फुफ्फुसाच्या बाहेर, फुफ्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या जागेत साठलेलं पाणी, ते सुईने निघतं, बाटलीत दिसतं, सगळ्यांना बरं वाटतं. मी ज्याबद्दल लिहितेय ते पाणी फुफ्फुसाच्या आतच मुरलेलं असतं, जुन्या वाड्याच्या भिंतीत ओल यावी तसं. ओल काही सुईने काढता येत नाही, गळती शोधायची, पाणी तोडायचं आणि भिंत सुकू द्यायची.

हे नवीन ड्यूटी डॉक्टर, रेसिडेंट आणि आयसीयूच्या सिस्टर यांच्यासाठी आहे. घरी कुणी ॲडमिट असेल म्हणून वाचत असाल तर जरूर वाचा, पण डॉक्टरशी भांडायला वापरू नका हो.

आधी आकडा डोक्यात बसवा. धडधाकट माणसाच्या फुफ्फुसात रक्तवाहिन्यांच्या बाहेर साधारण ३ ते ७ मिली दर किलोमागे पाणी असतं, आणि हा किलो म्हणजे काट्यावरचं वजन नाही, उंचीवरून काढलेलं वजन, त्यावर खाली येतेच. १० च्या वर गेलं की फुफ्फुस ओलं झालंय असं धरायचं. पाणी दोन रस्त्यांनी झिरपतं, एक म्हणजे आतला दाब वाढला (हार्ट फेल्युअर, किडनी बंद, किंवा आपणच सलाइनच्या बाटल्यावर बाटल्या लावल्या) आणि दुसरा म्हणजे चाळणीच, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची भिंत, फाटली (सेप्सिस म्हणजे अंगभर उसळलेला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, एआरडीएस म्हणजे दोन्ही फुफ्फुसं सुजून निकामी होणं, डेंग्यू). बऱ्याच पेशंटमध्ये दोन्ही असतं, कारण चाळणी फाटलेल्या माणसाला आपण वरून पाणी ओततो.

मशीनला हात लावायच्या आधी कागद बघा

धार, खरगोन, झाबुआकडून रेफर होऊन आलेला पेशंट, रस्त्यात ॲम्ब्युलन्समध्ये बाटली चालूच, आणि रेफर कागदावर 'आयव्ही फ्लूइड दिले' एवढंच. किती दिले? कुणाला माहीत नाही. अशा वेळी सोबत आलेल्या माणसाला विचारा, कालपासून किती बाटल्या लागल्या, त्याला बरोबर आठवतं कारण बहुतेक वेळा त्यानेच मेडिकलवरून आणलेल्या असतात. मी तर एकदा पिशवीतली बिलं मोजली होती, अकरा बाटल्या निघाल्या.

मग आपला इनटेक-आउटपुट चार्ट. त्यात मोठी बाटली दिसते, छोट्या दिसत नाहीत. एक अँटिबायोटिक दिवसातून तीनदा १०० मिलीत, ते झाले ३००, दुसरं दोनदा, ते २००, ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल १०० मिलीची बाटली चार वेळा, ४००, पोटॅशियम वेगळं, बीपी चढवणारं नॉरॲड्रेनलिन वेगळं, झोपेचं मिडाझोलम वेगळं, लाइन फ्लश वेगळे. लिटर कधी ओलांडला कळतच नाही आणि राउंडला आपण मोठ्या ऐटीत सांगतो की सर, फ्लूइड कालच बंद केलंय! जे औषध कमी पाण्यात चालतं ते कमी पाण्यात द्या, फार्मसीला विचारून घ्या. आणि बेडला वजनकाटा असेल तर रोज सकाळी त्याच वेळी, तेवढ्याच उशा-चादरींसकट वजन घ्या.

स्टेथोस्कोप आणि पोर्टेबल एक्स-रे सोडू नका, पण त्यांच्या भरवशावरही राहू नका. एक्स-रेत पाणी दिसेपर्यंत बरंच साठलेलं असतं, आणि झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये तर पाणी, न्यूमोनिया, बसलेलं फुफ्फुस सगळं एकच पांढरं.

सोनोग्राफी: रोजचं काम हिच्यावरच

पूर्वी सगळे म्हणायचे की फुफ्फुसात हवा असते म्हणून सोनोग्राफी चालत नाही. फ्रान्सच्या डॅनियल लिश्टेनस्टाइनने नव्वदच्या दशकात दाखवलं की हवा-पाण्यामुळे पडद्यावर जो कचरा दिसतो तोच वाचायचा असतो, आणि २००८ मध्ये त्याचा ब्लू प्रोटोकॉल आला, म्हणजे धाप का लागलीय ते सोनोग्राफीने ओळखायची पद्धत. एआरडीएसची अलीकडची जागतिक व्याख्या आहे ना, तिच्यात तर एक्स-रे, सीटीच्या जोडीला सोनोग्राफीसुद्धा धरलीय.

प्रोब पोटाचा, तो जाडा गोल असतो ना, तोच बरा. फक्त प्ल्यूरा, म्हणजे फुफ्फुसावरचं पातळ आवरण, नीट बघायचा असेल तर चपटा लिनियर. मशीनमध्ये चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर असतात ते बंद करा, कारण आपल्याला हवी असलेली रेघ मुळात दोषच आहे आणि फिल्टर इमानदारीने तो दोष पुसून टाकतो. नव्या मुलांचं इथेच फसतं, फिल्टर चालू ठेवून "मॅडम, लंग क्लिअर आहे" म्हणतात.

प्रोब उभा धरायचा, खूण पेशंटच्या डोक्याकडे. पडद्यावर दोन बरगड्यांच्या काळ्या सावल्या दिसतील आणि त्यांच्या मध्ये, बरगडीपेक्षा जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली, चकचकीत पांढरी आडवी रेघ. तीच प्ल्यूरा. श्वासाबरोबर ती साडीची किनार सरकावी तशी सरकते. कोरड्या फुफ्फुसात तिच्या खाली तीच रेघ सारख्या सारख्या अंतरावर पुन्हा दिसते, फिकट होत जाते, या ए-लाइन. ओल्या फुफ्फुसात प्ल्यूरापासून एक पांढरा झोत निघतो तो थेट पडद्याच्या तळापर्यंत, डिसेंबरच्या धुक्यात समोरून स्कूटर आल्यावर तिच्या दिव्याचा पडतो तसा. ही बी-लाइन. ती ए-लाइन पुसून टाकते आणि प्ल्यूराबरोबर सरकते. मध्येच विरणारी रेघ बी-लाइन नाही, मोजू नका.

एका फटीत एक-दोन दिसल्या तर घाबरायचं नाही. तीन किंवा जास्त म्हणजे ती जागा ओली. मोजायचं असेल तर छातीचे बारा भाग करा, प्रत्येक बाजूला पुढे, बगलेत आणि मागे, प्रत्येकी वर-खाली. भागाला ० ते ३ मार्क: ए-लाइन किंवा जास्तीत जास्त दोन बी-लाइन असतील तर ०, तीन किंवा जास्त पण सुट्या सुट्या असतील तर १, एकमेकींत मिसळून पांढरा पडदा झाला असेल तर २, आणि फुफ्फुस लिव्हरसारखं घट्ट दिसलं तर ३. एकूण ३६ पैकी. पाठीमागचे भाग लोक टाळतात कारण पेशंट कुशीवर करायला सिस्टरला बोलवावं लागतं, पण झोपलेल्या माणसाचं पाणी आणि बसलेलं फुफ्फुस दोन्ही मागेच असतं, टाळलंत तर आकड्याला अर्थ नाही.

एक आकडा घेऊन काही होत नाही. सकाळी १४ आणि दोन लिटर दिल्यावर रात्री २१, ही खबर आहे. म्हणून तोच प्रोब, तीच पोझिशन, शक्यतो तोच माणूस, आणि छोटा व्हिडिओ सेव्ह करा नाहीतर रात्रीच्या माणसाचं तीन आणि सकाळच्या माणसाचं तीन वेगळं निघतं.

आता यातली गोम. बी-लाइन म्हणजे पाणीच असं नाही. न्यूमोनियात दिसतात, फायब्रोसिसमध्ये वर्षानुवर्षं दिसतात. दोन्ही बाजूंना सारख्या, प्ल्यूरा गुळगुळीत, हृदय ढिलं, तर दाबाचं पाणी समजा. कुठे आहेत कुठे नाहीत, मध्येच कोरडी जागा, प्ल्यूरा खडबडीत आणि खाली छोटे छोटे काळे डाग, तर फाटलेली चाळणी. म्हणून प्रोब हातात आहेच तर हृदय आणि पोटातून हृदयाकडे येणारी खालची मोठी शीर पण बघून घ्या, दोन मिनिटं जास्त जातात. (आणि मशीन गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली रजिस्टर्ड असतं, शेजारच्या नर्सिंग होमला 'जरा दोन मिनिटं' म्हणून गाडीत टाकून न्यायचं नाही, कागद भरा, नसती आफत ओढवून घेऊ नका.)

खरं मिलीमध्ये मोजायचं तर: थंड सलाइन

याला थर्मोडायल्युशन म्हणतात, बहुतेक ठिकाणी मशीनच्या नावावरून नुसतं पिको म्हणतात. आयडिया सोपी आहे. मानेतल्या मोठ्या शिरेत टाकलेल्या सेंट्रल लाइनमधून बर्फासारखं थंड सलाइन पटकन सोडायचं, ते उजव्या हृदयातून फुफ्फुसात जातं, तिथून डाव्या हृदयात आणि मग मांडीच्या धमनीत, तिथे टोकाला थर्मामीटर असलेली लाइन बसवलेली असते. रक्ताचं तापमान किती उतरलं आणि किती वेळाने परत चढलं याचा आलेख निघतो. फुफ्फुसात पाणी जास्त असेल तर थंडावा त्यात मुरत मुरत जातो, आलेख लांबतो. पूर्वी यासाठी थंड पाणी आणि हिरवा डाय दोन्ही द्यावे लागायचे, डाय रक्तातच राहतो, थंडावा बाहेर झिरपतो, दोघांतला फरक म्हणजे पाणी. आता एकट्या थंडाव्यावरून गणित करतात: छातीतली सगळी थंडावा मुरणारी जागा काढायची, त्यातून छातीतलं रक्त वजा करायचं, उरलं ते पाणी.

किट महाग आहे, धमनीत लाइन टाकावी लागते, त्यामुळे प्रत्येकाला नाही. शॉक आणि खराब फुफ्फुस दोन्ही एकत्र असेल, आणि पहिल्या उपायांनी काही हलत नसेल, तेव्हा घ्या.

करताना या गोष्टी सांभाळा. सलाइन ८ अंशांच्या खाली पाहिजे, प्रत्येक वेळी १५ ते २० मिली. आमच्याकडे फ्रिज होता पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला आणि मे महिना, एक मुलगा चार सिरिंज मुठीत धरून आणायचा, मग बोलत उभा राहायचा, आणि आकडे कधी ९ कधी १४. शेवटी बर्फाचा छोटा डबा बेडपाशी ठेवला, भांडण मिटलं. दाबायचं ते एका दमात, काही सेकंदांत, रेंगाळत नाही. तीन वेळा करा, सरासरी घ्या, एखादा आकडा बाकीच्यांपासून फारच लांब असेल तर तो टाकून परत करा.

सेंट्रल लाइनच्या ज्या लुमेनमधून, म्हणजे आतल्या वेगळ्या नळीतून, नॉरॲड्रेनलिन चालू आहे त्याच्यातून चुकूनही सलाइन मारू नका. हे माझ्या हातून झालंय, शिकत असताना, दुसऱ्या एका हॉस्पिटलात. नळीत साचलेलं औषध एकदम आत गेलं, मॉनिटरवर बीपी २२० च्या वर, माझे हात गार, आणि सिस्टरने एक शब्द न बोलता माझ्याकडे जे बघितलं ते अजून विसरले नाहीये. तेव्हापासून लुमेनवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहिते.

सेंट्रल लाइन मांडीत असेल तर मशीनला तसं सांगा, आकडे थोडे जास्त येतात, आणि धमनीची लाइन त्याच मांडीत ठेवू नका.

आणि उंची! मशीन पाण्याला ज्या वजनाने भागतं ते उंचीवरून निघतं: पुरुषाला ५० अधिक ०.९१ गुणिले (सेंटिमीटरमधली उंची वजा १५२.४), बाईला ५० च्या जागी ४५.५. समजा पाणी ७०० मिली आहे. मेव्हणा म्हणाला "जिजाजी पाच फूट आठ तो होंगे", तुम्ही १७३ टाकले, वजन आलं ६८.७, पाणी दर किलो १०.२, काठावरचं वाटतं. टेपने मोजले तर निघाले १५८, वजन ५५.१, पाणी १२.७. तोच पेशंट, तेच फुफ्फुस. टेप दहा-वीस रुपयांची येते, झोपलेल्याची टाचेपासून टाळूपर्यंत मोजा, व्हेंटिलेटरचं टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात किती हवा द्यायची, तेही याच वजनावर ठरतं, म्हणजे एका कामात दोन.

सोबत मशीन चाळणीचाही एक आकडा देतं, पीव्हीपीआय. ३ च्या वर असेल तर चाळणी फाटलीय, त्याच्या बऱ्यापैकी खाली आणि पाणी जास्त तर दाबाचा मामला, मधलं सगळं धूसर, तिथे हृदयाचा इको बघून ठरवा.

हे कुठे फसतं तेही माहीत असू द्या. फुफ्फुसात मोठी गुठळी असेल तर तिच्या पलीकडे थंडावा पोचतच नाही, मशीन कमी सांगतं. फुफ्फुसाचा भाग काढलेला असेल किंवा एकमो (रक्त बाहेर काढून त्यात ऑक्सिजन घालणारं मशीन) चालू असेल तर आकड्यावर विसंबू नका. आणि काकांचं ते प्ल्यूरातलं पाणी यात धरलं जात नाही, ते सोनोग्राफीतच बघायचं.

मग बाटलीचं काय

बीपी पडलं, लघवी कमी झाली, लॅक्टेट (अंगाला रक्त कमी पडल्याची रक्तातली खूण) चढलं, की हात आपोआप बाटलीकडे जातो. तिथे दोन वेगळे प्रश्न विचारा. बाटली दिली तर हृदय ती वापरेल का? आणि फुफ्फुस ती सोसेल का? पहिल्याचं उत्तर हो आलं म्हणून दुसऱ्याचं हो होत नाही, माझ्या मते आयसीयूतली अर्धी गडबड या एकाच जागी होते.

पहिल्यासाठी पाय वर करून बघा. पेशंट ४५ अंशांत बसता झोपलेला, मग बेडच्या बटणाने डोकं खाली आणि पाय ४५ अंश वर, हाताने पाय उचलायचे नाहीत, दुखलं की बीपी तसंही वाढतं. पायातलं साधारण ३०० मिली रक्त हृदयाकडे येतं, फुकटची बाटली, आणि पाय खाली केले की परत जाते. मिनिटाभरात कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते) १० टक्के किंवा जास्त वाढलं तर हृदय बाटली वापरेल. नुसतं बीपी बघून ठरवू नका. पोट खूप तट्ट फुगलेलं असेल तर या टेस्टवर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्यासाठी वरचं सगळं. हृदय हो म्हणतंय, फुफ्फुसातलं पाणी दर किलो ६-७ मिली आहे, तर थोडी थोडी द्या, २०० ते २५० मिली, आणि परत मोजा. हृदय नाही म्हणतंय, तर फुफ्फुस कोरडं असलं तरी बाटली कशाला, नॉरॲड्रेनलिन बघा. हृदय हो आणि फुफ्फुस दर किलो १४ मिली, इथे खरा पेच आहे, इथे मी आधी प्रेशरचं औषध वाढवते, इको बघते आणि अगदीच गरज असेल तरच थोडं पाणी, सीनिअरला फोन करून. सेप्सिसच्या पहिल्या तीन तासांत दर किलो ३० मिली देतात, ते द्या, मोजमापात अडकून पहिला तास घालवू नका. गडबड होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पहिल्या दिवसाची सवय चालूच राहते.

पाणी कमी देणं खरंच कामाचं आहे का, तर २००६ मध्ये अमेरिकेत १००० पेशंटवर मोठा अभ्यास झाला होता, हात आखडून पाणी देणं आणि सढळ देणं. ६० दिवसांच्या मृत्यूंमध्ये ठळक फरक नाही निघाला, पण आखडून दिलेल्यांचे व्हेंटिलेटरशिवायचे दिवस जास्त, १४.६ विरुद्ध १२.१. त्या अभ्यासात शॉक चालू असताना पाणी उपसत नव्हते, हे लोक विसरतात. तेव्हा बीपी स्थिर झालं, प्रेशरचं औषध उतरायला लागलं, की मग लघवी वाढवणारं लॅसिक्स किंवा किडनी बंद असेल तर डायलिसिसवर पाणी काढणं, आणि रोज बी-लाइन मोजणं.

डेंग्यू वेगळा आहे. पावसाळ्यानंतर आपल्याकडे वॉर्ड भरतात. गळती जोरात असते ती २४ ते ४८ तास, त्या वेळी पाणी लागतंच. मग गळती थांबते आणि बाहेर गेलेलं पाणी आपणहून रक्तात परत येतं. तेव्हाही बाटली चालूच राहिली तर परवापर्यंत शॉकमध्ये असलेला तरुण मुलगा आज धापा टाकतो, आणि घरचे म्हणतात ताप उतरला होता मग हे काय झालं! हिमॅटोक्रिट (रक्ताचा घट्टपणा) उतरतंय, लघवी सुटलीय, नाडी भरलीय, बाटली बंद करा. प्लेटलेट २०,००० असताना पिकोसाठी मांडीच्या धमनीत लाइन टाकायला जाऊ नका, इथे सोनोग्राफीच, चार-सहा तासांनी.

व्हेंटिलेटर काढताना

हे फारसं कुणी करत नाही म्हणून लिहिते. टी-पीस (नळीतून नुसता ऑक्सिजन, मशीनचा दाब नाही) किंवा कमी सपोर्टवर अर्धा तास ठेवायच्या आधी छातीच्या पुढच्या चार जागी बी-लाइन मोजून ठेवा, अर्ध्या तासाने परत मोजा. मशीनचा दाब गेला की हृदयाकडे रक्त जास्त येतं, ढिलं हृदय असेल तर फुफ्फुस तेवढ्यात ओलं होतं. पेशंट घामाघूम, सगळे म्हणतात घाबरलाय, झोपेचं औषध द्या, आणि पडद्यावर मघाच्या दोन रेघांच्या आठ झालेल्या असतात. अशाला परत सपोर्टवर घ्या, लॅसिक्स द्या, बीपी आवरा, उद्या सकाळी परत.

आणि संध्याकाळी पाचला काका विचारतात त्याचं. मी आता भिंतीच्या ओलीचंच सांगते, काकांना लगेच कळतं. परवा एका आजींनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "मग वरची टाकी बंद केलीत का?" म्हटलं हो आजी, सकाळीच.